गावचा लेखक आणि वरच्या मजल्यावरचे सासरे

ती. ताईच्या पायांवर (सूज उतरली असेल असं धरून) धाकट्याचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक. माझं पोट आता माझं ऐकतं, तुझ्या भावजयीचे गुडघे तिचं ऐकत नाहीत, आणि आम्ही दोघं एकमेकांचं ऐकत नाही. म्हणजे तू मागे आली होतीस तेव्हा होतं तसंच आहे. भाऊजींचा खोकला कसा आहे ते कळव. गरम पाणी पीत नसतील तर मी सांगितलंय म्हणून सांग, रागाच्या भरात तरी पितील.

आता मुद्द्याचं. गेल्या पत्रात तू लिहिलं होतंस की रिटायर झालेल्या माणसाने लोकांच्या घरात नाक खुपसण्यापेक्षा पुस्तकात खुपसावं, आणि त्यातही आपल्या गावातला लेखक शोधून त्याला हात द्यावा, कारण लांबच्यांना वाचणारे पुष्कळ असतात, गावच्याला कुणी विचारत नाही. ताई, तुझा शब्द मी कधी खाली पडू दिलाय का? लगेच पुस्तकांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने (हा माणूस गिऱ्हाईक आलं की दचकतो) बरीच शोधाशोध करून वह्या आणि कंपासपेट्यांच्या मागून एक कादंबरी काढली आणि फुंकर मारून तिची धूळ माझ्या अंगावर उडवली. लेखकाचं नाव टोपण, फोटो नाही, मागे एवढंच छापलेलं की लेखक याच गावात राहतात. कादंबरी एका चष्म्याच्या दुकानाची. वरच्या मजल्यावर म्हातारा मालक, खाली दुकान सांभाळणारा त्याचा जावई. मालक असा खडूस की काठीने जमिनीवर ठोकून जावयाला वर बोलावतो, आणि जावयाचे केस पांढरे व्हायला आले तरी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतो, ‘शिकतोय अजून.’ मी एका बैठकीत वाचून काढली. जेवायलाही उठलो नाही (तुझी भावजय म्हणते, उठला होतात आणि भात दोनदा घेतलात).

लेखक कोण हे कळायला मात्र वेळ लागला. तुला माहीतच आहे, माझ्या चष्म्याचा स्क्रू ढिला होतो. तो आवळून घ्यायला मी कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे जातो. रोज जातो, कारण तो रोज ढिला होतो. मग जरा टेकतो, पेपर वाचतो, गिऱ्हाइकांना कुठली फ्रेम शोभत नाही ते सांगतो आणि दुकान बंद व्हायच्या सुमारास घरी येतो. त्या दिवशी चष्मेवाल्याने चष्मा माझ्या नाकावर ठेवला, मान तिरपी केली आणि नेहमीसारखं विचारलं, “नाकाशी भांडत नाही ना?” माझ्या अंगावर काटा आला. कादंबरीतला जावई पानापानावर हेच विचारतो. तेवढ्यात वरून काठीचा ठोका पडला. (गावात चष्म्याचं दुकान हे एकच आहे, पण पुराव्याशिवाय बोलणं माझ्या स्वभावात नाही.) मी भर दुकानात चष्मेवाल्यांचं अभिनंदन केलं.

त्यांनी मला हाताला धरून काउंटरच्या मागे ओढलं. चेहरा पांढराफटक. म्हणाले, काका, पाया पडतो, कुणाला बोलू नका. दुकान सासऱ्यांचं, घर सासऱ्यांचं. हे त्यांच्या कानावर गेलं तर मी आणि बायको दोघंही बिऱ्हाड पाठीवर घेऊन रस्त्यावर येऊ. ताई, खरा कलावंत! प्रसिद्धीची इतकी धास्ती मी आजवर कुणात पाहिलेली नाही. असल्या लाजऱ्या माणसाच्या पाठीशी कुणीतरी खंबीरपणे उभं राहायलाच हवं, हे मी तिथल्या तिथे ठरवलं.

दुकानदाराकडच्या उरलेल्या सगळ्या प्रती मी विकत घेतल्या (तो पुन्हा दचकला). एक न्हाव्याकडे आरशापुढे ठेवली, एक दवाखान्यात, एक बँकेत जिथे पेनाला दोरी बांधलेली असते तिथे, आणखीही ठिकठिकाणी. संध्याकाळी फेरी मारली तर सगळ्या गायब! वाचकांची अशी भूक आपल्या गावात असेल असं वाटलं नव्हतं. वाटेत चष्मेवाले भेटले, धापा टाकत होते, हातात जड पिशवी. मी धरू का म्हणून विचारलं तर पळतच सुटले. खपाची बातमी सांगायची राहिली.

आता एवढ्या गावाने वाचलं आणि घरच्या वडीलधाऱ्याने वाचू नये, हे मला काही पटेना. चौकशी करता कळलं की सासऱ्यांना हल्ली जवळचं दिसत नाही, लांबचंही पुसटच, आणि चष्मा ते लावत नाहीत. आयुष्यभर लोकांना चष्मे लावले, पण स्वतः लावायचा म्हणजे जावयाच्या हातचा लावावा लागेल, आणि जावई तर अजून शिकतोय. म्हटलं, काही हरकत नाही, आपण वाचून दाखवू. आपला आवाज शाळेपासून खणखणीत आहे.

दुपारी जाऊ लागलो. सासरे आरामखुर्चीत, मी समोर स्टुलावर. पहिल्या दिवशी काठीच्या ठोक्यांचं प्रकरण वाचलं तेव्हा खाली काहीतरी फुटल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी पुस्तक स्टुलावरून नाहीसं झालं, पण माझ्या खिशात दुसरी प्रत होती. मग चष्मेवाले जिन्यात गाठून म्हणाले, काका, हवी ती फ्रेम घेऊन जा, स्क्रूच नसलेली घ्या, पण थांबा. मी त्यांचा खांदा थोपटला. वाचकाने लेखकाकडून भेटी घेऊ नयेत, एवढं भान मला आहे. त्या आठवड्यात त्यांनी एका बाईला तिच्या सासूचा चष्मा दिला आणि सासूला तिचा. दोघींचं आता बरं जमतं म्हणे.

सासरे रंगात येऊन ऐकत होते. तो खडूस मालक म्हणजे समोरचा घड्याळवाला, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. म्हणाले, “हुबेहूब. त्याच्या जावयाची मला कीव येते.” मी पान उलटलं. म्हाताऱ्या माणसाला स्वतःचं रूप दिसत नाही, त्याला कोण काय करणार? मला स्वतःला एकच पात्र खटकलं. कादंबरीत एक रिकामटेकडा माणूस आहे, रोज काहीतरी निमित्त काढून दुकानात ठाण मांडून बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अक्कल शिकवतो. मी म्हटलं, हे अति झालं, मी रोज तिथे असतो, असा माणूस मला कधी दिसला नाही. सासरे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. ते प्रकरण त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

मग शेवटचं प्रकरण आलं. त्यात म्हाताऱ्याला दिसेनासं होतं, पण तो तपासून घेत नाही. जावई नुसता बघत राहतो: म्हातारा ताट किती लांब सरकवतो, औषधाची बाटली डोळ्यांपासून किती दूर धरतो. त्यावरून अंदाजाने नंबर काढतो, एक चष्मा करतो, आणि द्यायची हिंमत होत नाही म्हणून काउंटरच्या खालच्या खणात ठेवून देतो. वाचताना माझा आवाज जरा बसला (सर्दी होती). सासरे खुर्चीच्या दांड्यावर हात फिरवत बसले. मग काठी उचलली आणि जमिनीवर ठोकली.

चष्मेवाले वर आले. पायांत चपला नव्हत्या, मागे त्यांची बायको, तिचे डोळे लाल. दोघं दारातच उभे राहिले. मला वाटलं, आता अभिनंदन होणार. सासरे म्हणाले, “खालच्या खणातला तो चष्मा आण.”

मी समजावायला गेलो की अहो, ही कादंबरी आहे, यातलं सगळं खरं नसतं. पण चष्मेवाले खाली गेले आणि घेऊन आले. खरंच होता, ताई. फडक्यात गुंडाळलेला. जावयाने स्वतःच्या हाताने तो सासऱ्यांच्या डोळ्यांवर ठेवला, पण मान तिरपी करून जे विचारायचं ते काही त्यांच्या तोंडून निघेना. सासऱ्यांनी भिंत पाहिली, मुलगी पाहिली, मला बराच वेळ पाहिलं आणि “आवाजावरून तरुण वाटला होतात,” म्हणाले. मग माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं, शेवटचं पान पुन्हा एकदा स्वतः वाचलं, ओठ हलवत. आणि म्हणाले, “डावा नंबर किंचित जास्त झालाय. शिकतोय अजून.”

जावई तिथेच खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. मीही थोडा रडलो, खोटं कशाला सांगू.

आता सासरे रोज खाली येऊन बसतात, तेही माझ्याच खुर्चीत. येईल त्या गिऱ्हाइकाला पुस्तक दाखवतात आणि सांगतात, “जावई लिहितोसुद्धा. तेही शिकतोय अजून.” म्हणजे गावच्या लेखकाला उभं करायचं काम झालं, तुझ्या कृपेने. मी उभाच असतो.

तुझा आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. चष्मेवाल्यांनी दुसरी कादंबरी लिहिली आहे, पण ती आपल्या गावात विकायला ठेवायची नाही अशी त्यांनी दुकानदाराला शपथ घातली आहे. (विनय गेला नाही अजून.) ती फक्त तुमच्याकडच्या दुकानात मिळेल. एक प्रत घेऊन माझ्या पत्त्यावर पाठव, आणि वाटल्यास आधी तू वाच.

आणखी ता. क. सासऱ्यांनी ती छापण्याआधीच वाचली, चष्मा लावून. म्हणाले की तो रिकामटेकडा माणूस यात नायक झालाय. मी स्पष्टच म्हटलं, असा माणूस आपल्या गावात नाही. शिवाय त्याची एक मोठी बहीण आहे म्हणे, लांब परगावी बसून पत्रं लिहिते आणि त्याला एकेका कामाला जुंपते. ती मात्र झकास उतरलीये म्हणाले. तुझ्या ओळखीत आहे का गं अशी कुणी?