मागच्या चाकाची लांब नळी

प्रिय योसुके,

घाईत लिहितेय, अक्षर वेडंवाकडं आलं तर सांभाळून घे. इकडे हामामात्सूत आम्ही दोघं बरे आहोत. उन्हाळा सरला की सगळ्यांना एकदम आपापल्या मोटारसायकली आठवतात, त्यामुळे बाबांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही. तुझा फोन आला तेव्हाही हीच गडबड होती. "ताई, मागच्या ब्रेकची नळी हवी, दीड मीटर. बाबांच्या हातचीच. बाहेरच्या नळीवर माझा भरवसा नाही," असं तू म्हणालास. मी ते जसंच्या तसं बाबांना ओरडून सांगितलं.

बाबा इतके हसले की हातातला चहा सांडला. "दीड मीटर? पायातल्या ब्रेकपासून चाकापर्यंत जायला हातभर नळीसुद्धा जास्त होते! उरलेलीवर कपडे वाळत घालणार का हा गाढव? जन्म दुकानात गेला आणि पुढची-मागची कळेना." गिऱ्हाईक चुकलं तरी गाडीला चुकीची नळी द्यायची नाही, हा त्यांचा धर्म तुला माहीतच आहे. त्यांनी खिळ्यावरची नेहमीची आखूड नळी काढून खोक्यात घातली आणि वर थोडी संत्री ठेवली. मीही हसले रे. ते हसणं आता आठवलं की लाज वाटते.

ओबोनला, पितरांच्या सणालाही, तू आला नाहीस. आईच्या समाधीवर बाबांनी आणि मी दोघांनीच पाणी घातलं. बंदरावर काम फार आहे, असं तू सांगितलंस आणि मी ते खरं धरलं. फोनवर तुझा फक्त चेहरा दिसायचा, मागे नेहमी तीच भिंत. घर दाखवत नाहीस म्हणजे कुणीतरी राहायला आलेली दिसतेय, असं मी चिडवलंही. तेव्हा तू किती छान हसलास!

काल मोरितासान नावाचे एक नवे गिऱ्हाईक आले. अपघातानंतर त्यांचा उजवा पाय, मागचा ब्रेक दाबायचा तोच, हलत नाही. त्यांच्या गाडीला पायात ब्रेक नव्हताच. डाव्या मुठीपाशी अंगठ्याने दाबायचा एक छोटा दांडा होता आणि तिथून नळी टाकीखालून थेट मागच्या चाकापर्यंत गेली होती. ती जुनी झाली होती. बाबांनी काढली, मी टेप लावली. दीड मीटर. टेप माझ्या हातातून निसटून खटकन गुंडाळली गेली. "पायाने साथ सोडली म्हणून मी गाडी सोडू का?" असं म्हणत मोरितासान स्वतःच मोठ्याने हसले. बाबांनी टेप उचलून नळी पुन्हा एकदा मोजली.

खोकं टपालात टाकायचं माझ्याकडून राहूनच गेलं होतं. बाबांनी ते फोडलं, आखूड नळी परत खिळ्याला लावली आणि लांब नळी बनवायला बसले. मग मागे न बघताच त्यांनी विचारलं, "मिसाओ, त्याला पाय आहे ना?" फोन केला तर तू पुन्हा छान हसशील, म्हणून हे पत्र. शनिवारी आम्ही दोघं येतोय. नळी बाबा स्वतः बसवणार आहेत. दार नुसतं लोटून ठेव, उघडायला उठू नकोस.

तुझीच ताई,
मिसाओ