दुसरा नमुना

२१ जानेवारी, मंगळवार. संध्याकाळ

आज कारखान्याच्या लॅबमध्ये मी तपासणी केली की गोष्ट रचली? साखर शिजवणारे आमचे पॅनमन, भागवतमामा, काचेच्या पट्टीवर पाक घेऊन आले. उजेडाकडे धरून म्हणाले, "ताई, दाना लई झ्याक बसलाय. पाक शिजला, खाली सोडू का पॅन?" माझ्या यंत्रावर पाक अजून कच्चा होता. तसं सांगितलं तर हसले. "तुमचं मशीन कालचं पोर हाय."

मग मी दुसरा नमुना घेतला. आकडा बरोबर आला, मी होकार दिला. पण दुसरा घेतलाच का? इतक्या हंगामांचे सराईत हात, हा निवृत्तीआधीचा शेवटचा हंगाम... मनात त्यांच्यावरची कथा सुरू झालीच होती, आणि मी लिहिते त्या कथांत म्हातारी माणसं चुकत नाहीत. पहिला नमुना नीट ढवळला होता, हे आठवतं. दुसऱ्याचं काही केल्या आठवत नाही. रजिस्टरात मात्र दुसराच लिहिला.

सुटल्यावर मामा गेटपाशी भेटले. म्हटलं, "आज तुमच्या नजरेवर विश्वास ठेवला बरं का." ते थबकले.

"अवो ताई, काचेवर आता मला समदं धुरकट दिसतंय. मी नुसता रुबाब केला. तुमी व्हय म्हनला म्हनून सोडला."

म्हणजे दाणा कोणीच पाहिला नाही. साखर बारीक निघाली तर बोट मामांकडेच जाईल. उद्या लॅबचे साहेब यायच्या आत रजिस्टरात पहिला आकडाही लिहायचा. त्या आकड्यापुढे सही माझी.