खंडेनवमीला बंद केलेलं मशीन

साहेब, परवा खंडेनवमीला घरच्या कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं आणि तुमची आठवण झाली. चांगली नाही झाली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी राग ताजा आहे. मंचरच्या आपल्या कोल्ड स्टोरेजमध्ये त्या वर्षी तुम्ही सर्व्हरला झेंडूचा हार घातलात आणि यंत्रालाही एक दिवस विसावा म्हणून शिपायाला मेन स्विच ओढायला लावलंत. चालू मशीनचा! दसऱ्यानंतर पडद्यावर नुसते प्रश्न: अमुक फाइलचा पत्ता लागत नाही, दुरुस्त करू का?

मी, तुमची पत्रं टाइप करणारी, जाड मॅन्युअल उघडून सांगितलं, मशीन लिहिता लिहिता बंद पडलंय, फाइलींची मांडणी विस्कटली आहे. मूळ डिस्कला हात नको. आधी तिची जशीच्या तशी नक्कल घेऊ, मग त्या नकलेवर काय ते प्रयोग. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "बाई, कॉन्व्हेंटचं इंग्रजी पत्रांपुरतं ठेवा. वाचता येणं वेगळं, कळणं वेगळं." आणि पुण्याहून कोर्स करून आलेल्या त्या पोरीला म्हणालात, "ये बाळ, तू बस." मी बाई, ती बाळ. बाळ बसलं आणि प्रत्येक प्रश्नाला 'वाय', म्हणजे 'हो', दाबत गेलं, देवळातली घंटा बडवावी तसं.

मशीन उठलं, पण फाइलींची नावं गेली. सगळे तुकडे एका फोल्डरात, नुसत्या आकड्यांनी, काही रिकामेच. बॅकअपची टेप लावली तर ती कोरी. बाळ रोज टेप बदलायचं, तिच्यावर काही उतरतंय का हे कधी पाहिलं नव्हतं.

गेटवर बियाण्याचे बटाटे न्यायला आलेले शेतकरी खोळंबलेले. कुणाची पोती कुठल्या चेंबरमध्ये, ते त्या मशीनलाच ठाऊक. पिंपरी पेंढारचे एक आजोबा म्हणाले, "मॅडम, बटाटं आत हाय, आमी भाईर हाय, मंग मधी आडलंय कोन?" माझं बोट बाळाकडे वळता वळता राहिलं.

एकेक तुकडा उघडून, आतली गावं ओळखून, मीच त्यांना पुन्हा नावं दिली: हा बोरी बुद्रुकचा, हा पेंढारचा. जे रिकामे निघाले, त्यांची पोती मी स्वेटर घालून त्या गारठ्यात, पोत्यांवरच्या खुणा बघत हुडकली. आणि पुढच्या खंडेनवमीला नारळ फोडायला कुणाला पुढं बोलावलंत? "ये बाळ, तू वाचवलंस आपल्याला."

हे पत्र तुमच्या घरी जाऊन फोटोपुढं मोठ्यानं वाचायचं ठरवलं होतं. नाही वाचणार. मी बरोबर होते, आजही आहे. पण त्या दिवशी "ये बाळ, तू बस" असं तुम्ही मला म्हणाला असतात, तर मॅन्युअल मिटून मीही 'वाय' दाबलं असतं.