बिनजायफळाची कॉफी

सांगली, शनिवार दुपार

आबा,

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. या वहीत मी रोज काही ना काही लिहिते, पण तुमच्यासाठी एक पानही लिहिलं नाही, याची लाज वाटते. वेळ नव्हता असं नाही. एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली होती, आणि ती गाळून बाकीचं लिहिणं मला बरं वाटत नव्हतं. आज लिहिते, कारण उद्या तिचा काहीतरी निकाल लावावा लागणार आहे.

उद्या सकाळी तुमचे कट्ट्यावरचे मित्र माझ्या घरी येणार आहेत. सहांपैकी तिघेच उरलेत. ड्रायव्हरकाकांना, म्हणजे पलटणीत ट्रक चालवायचे त्यांना, मुलगा नाशिकला कायमचा घेऊन चाललाय. जाण्याआधी त्यांना आईला भेटायचंय. सोमवारी त्यांचा फोन आला. म्हणाले, "जेवाणबिवाण काय करू नगंस पोरी. हवालदाराची कॉफी पाज, म्हंजी झालं." मी हो म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी कशाला हो म्हटलंय.

घरात सध्या कॉफीची चार तऱ्हेची सोय आहे. यांची झटपट कॉफीची बाटली. पुण्याहून लेकीने आणलेलं काचेचं फ्रेंच प्रेस, ज्यात पूड भिजवून वरचा दांडा खाली दाबायचा. तिनेच आणलेलं कागदी गाळणीचं चिनीमातीचं नरसाळं. आणि कपाटात वर, तुमचा बंगळूरचा पितळी फिल्टर. मंगळवारपासून मी एकेक करून बघितलं, शेवटचा सोडून. आई स्वयंपाकघरात खुर्ची टाकून परीक्षक. फ्रेंच प्रेसचा दांडा दाबताना म्हणाली, "हापसा हाय का गं ह्यो? पानी आलं तर मला बी घागर भरून दे." कागदाची गाळणी उलगडली तर म्हणते, "कॉफीला लंगोट कशाला?" मी इतकी हसले की पाणी ओतायचं राहिलं. पण कॉफी दोन्हींची चांगली झाली, आबा, हे मान्य करायला हवं. कागदातून आलेली तर इतकी नितळ की पेल्याचा तळ दिसत होता. फक्त ती तुमची नव्हती. आणि तुमची म्हणजे नक्की कुठली, इथेच तर सगळी अडचण आहे.

मी नऊ वर्षांची आहे. गावच्या घरी रविवार आहे. तुम्ही पलटणीतून हवालदार म्हणून पेन्शनीत येऊन वर्षही झालेलं नाही. महिन्यातून एकदा तुम्ही एसटीने सांगलीला जाऊन कॉफी दळून आणता, आणि येताना अख्खी एसटी तुमच्या पिशवीकडे बघत असते. सकाळी सहाला फिल्टरमध्ये पूड भरता, वर उकळतं पाणी घालता, आणि आम्हाला हुकूम: "कुनी हात लावायचा न्हाई. थेंब थेंब उतरू द्या." तासाभराने अर्क उतरला की त्यात दूध घालून स्वतःचा पेला भरता, आणि आईला म्हणता, "बाकीची तू कर, दुधाचं माप तुला कळतं." मग बाहेर कट्ट्यावर जाऊन यजमान होऊन बसता. आपल्याकडे यजमानाने ताट उचलायचं नसतं, ते माझं काम.

पहिल्या रविवारी आईने तुमच्या अर्काचीच कॉफी दिली. तुम्ही पाहुण्यांना कॉफी कशी उतरवतात ते सांगण्यात गुंग होता, त्यामुळे कट्ट्यामागच्या जास्वंदीला त्या दिवशी काय काय प्यावं लागलं ते तुम्हाला दिसलं नाही. आईला खिडकीतून दिसलं. पुढच्या रविवारी तिने अर्काची वाटी झाकून फळीवर ठेवली, फिल्टरमधला चोथा काढला, तो दुधात मूठभर साखरेबरोबर उकळला, वर जायफळ किसलं आणि गाळून सहा पेले भरले. मला म्हणाली, "आबास्नी बोलू नगंस." सहाही पेले रिकामे परत आले. त्यानंतर दर रविवारी तसंच. झाकलेल्या वाटीतला अर्क ती नंतर ओतून देते, असं मी धरून चालले होते.

एका रविवारी ड्रायव्हरकाका विचारतात, "हवालदार, ह्यात घालतासा तरी काय? लय ग्वाड वास येतोय." तुम्ही चिमूटभर तपकीर ओढता, रुमालाने नाक पुसता आणि सांगता, "काय न्हाई रं. घाई करायची न्हाई. वास आपसूक येतो." पाच माना डोलतात. दारात उभी असलेली आई पदर तोंडाला लावून आत जाते. मी ताट घेऊन तिथेच उभी, आणि तुमचा चेहरा असा उजळलेला की मला वाटतं, हे असंच चालू राहावं.

तिथवर ठीक होतं. पण शेवटच्या आजारपणात, दवाखान्यात, तुम्ही मला विचारलंत, "खरं सांग, माझी कॉफी चांगली व्हायची का गं?" मी म्हणाले, "आबा, सगळे पेले रिकामे परत यायचे." त्यात एक शब्दही खोटा नव्हता. म्हणूनच ते मला साध्या थापेपेक्षा वाईट वाटत आलं. तुम्ही समाधानाने डोळे मिटलेत, आणि मी अकरा वर्षं ते वाक्य घोळवत बसले.

म्हणून काल मी ड्रायव्हरकाकांना फोन केला. उद्या त्यांना जायफळाची दिली तर तुमच्या नावावर पुन्हा आईची कॉफी खपवल्यासारखं होईल. फिल्टरची दिली तर तीस वर्षांची आठवण एका घोटात मोडेल. खरं सांगून टाकावं असं ठरवलं. धीर करून म्हटलं, "काका, ती कॉफी आबांची नव्हती. आई करायची."

पलीकडे थोडा वेळ नुसता खोकला. मग कळलं, ते हसत होते.

"आगं, ठावं हाय की! पैल्या रविवारी प्यालतो न्हवं आमी, काढाच हुता त्यो. दुसऱ्या रविवारी जायफळाचा वास आला, तवाच सगळ्यांनी वळाखलं, वैनींचा हात लागला म्हून."

"मग त्यांना विचारायचात कशाला, काय घालता म्हणून?"

"ऐकाया. तपकिरीनं नाक गेल्याला गडी वासावर भाषान द्यायचा. त्यासारकी करमनूक न्हवती."

मला ते लागलं. विचारलं, "म्हणजे तुम्ही त्यांना हसत होता?"

"हासायचो की," काका म्हणाले. "पर रविवार चुकीवला न्हाई कुनी. माझ्या पोराच्या लग्नाच्या दिवशी बी आलतो मी, कॉफी पिऊन मंडपात गेलो. आता नाशकात कुनाला हासू?" मग लगेच, "जायफळाचीच कर, पोरी. साखर दाबून."

फोन ठेवून मी आईला सगळं सांगितलं. आई मटार सोलत होती. म्हटलं, झालं, रविवारी जायफळाची. आबांचा फिल्टर राहू दे कपाटात. तिने मान वर केली. "मला इचारलंस?"

"तुला काय हवीय?"

"मला त्येंचीच आवडती. बिनजायफळाची." शेंग सोलता सोलता म्हणाली, "तुला काय वाटलं, त्या वाटीतलं मी मोरीत ओतत हुते? एवडी एसटीनं आनल्याली कॉफी? तुमी सगळी भाईर गेला की चुलीम्होरं बसून दोन पेलं प्यायची मी. निवांत."

"आबांना माहीत होतं?"

"न्हाई बा. त्येंनी मग तिथंबी भाषान दिलं असतं."

आबा, म्हणजे तुमच्या कॉफीवर जीव असणारं माणूस दर रविवारी तुमच्या पाठीमागे भिंतीपलीकडे बसलेलं होतं, आणि तुम्ही कट्ट्यावर सहा जणांना जिंकायला बसला होता. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर होतं, व्हायची, चांगली व्हायची. ते मला माहीत नव्हतं, एवढंच. आता मला माझ्या त्या वाक्याची लाज वाटत नाही. ते अपुरं होतं याचं वाईट वाटतं.

आज सकाळी मी फिल्टर काढला, चिंचेने घासला, सहाला लावला, आणि आई उठायच्या आत पहिल्यांदाच तुमची कॉफी प्यायले. हो, पहिल्यांदाच. लहानपणी मला दूध मिळायचं, आणि नंतर जास्वंदीचा अनुभव लक्षात घेऊन मी कधी धाडस केलं नाही. चवच न घेता मी इतकी वर्षं तुमच्या कॉफीची कीव करत होते. कडू आहे. दुसरा पेला भरून घेतला.

हे पान वहीतच राहील. एरवी इथे मी दुसऱ्या दिवशीच्या कामांची लांबलचक यादी करते. आज एकच काम आहे.

उद्या: फिल्टरचा पहिला पेला आईला, कट्ट्यावरच्या लोकांसमोर.