गावकऱ्यांचे चेहरे

१२ ऑक्टोबर
चार्टर्ड बस चुकली, गुडगावला पोचायला उशीर. ऑफिसात फौजी ट्रेनिंगच्या गेमचं टेस्टिंग. गावात लपलेले दोन बंदूकवाले धरायचे, बाकी सगळे साधे गावकरी. आमची टीम गावकऱ्यांनाही सरसकट उडवतेय, वर खिदळतेय. "मॅडम, पुतले हैं यार!" पुतळेच. करडे, बिनचेहऱ्याचे. बनवले मीच. डोकं सणकलं.

१५ ऑ.
ऑफिसच्या आयकार्डांवरचे फोटो पुतळ्यांना चिकटवले. कमाल! "अरे रुको, ये तो शर्माजी हैं!" अकाउंट्सचे शर्माजी, सगळ्यांची बिलं अडवणारे. त्यांच्यावरसुद्धा कुणाचा हात उठेना.
कर्नल जाधव (रिटायर्ड, आमचे सल्लागार) मात्र म्हणाले, "ओळखीच्याला कुणीही वाचवेल, पोरी. अनोळखी चेहरे टाक, मग बघू."

२० ऑ.
टाकले. बॉस सेठी म्हणतो गेम स्लो होतो, क्लायंट बिचकेल, काढ. नाही काढणार. "डेमो फसला तर जबाबदार तू." बिल्कुल, म्हटलं.
घरी येऊन रडले. अविनाश (नवरा) : नोकरी गेली तर? जाईना का! म्हटलं खरं, पण रात्री घरखर्चाचा हिशेब मांडून बसले.

२८ ऑ.
डेमो. जिंकले!!
एक तरुण कॅप्टन खेळायला बसला. खिडकीत बंदूकवाला, नेमकी पुढ्यात कपडे वाळत घालणारी म्हातारी. बोट थांबलं त्याचं. मागच्या गल्लीनं वळसा घालून गेला, दोघांना जिवंत धरलं, गावाला ओरखडा नाही. आणि स्क्रीनवर काय? नापास! वेळ जास्त लागला म्हणून. अगं बाई, गुण किती वेळ लागला ते पाहून द्यायचे हे मीच लिहिलेलं, बदलायचं राहिलं. सेठी पांढराफटक. कर्नल ताडकन उठले, "फेल ये नहीं, मशीन हुई है!" टाळ्याच टाळ्या. तिथंच बसून बदललं : गाव वाचलं तरच पास. ऑर्डर मिळाली. सेठीनं बर्फी मागवली. दोन तुकडे खाल्ले, हक्कानं.

२ नोव्हें.
आता दुसरं गाव, सीमेपलीकडचं. सेठी गोड आवाजात, "उधर वालों को चेहरे की क्या ज़रूरत?" कर्नलसाहेब चष्मा पुसत राहिले. त्यांचं ते फार लागलं.
दिवसभर खपून गाव पुरं केलं. चेहरे आहेत. नवे नाहीत, पहिल्या गावातलेच. तीच म्हातारी, दोरीवर तेच कपडे. सेठीला सांगितलेलं नाही. सोमवारी तोच कॅप्टन खेळणार आहे.