मधल्या भिंतीवरचे मोडके देऊळ

लिहून ठेवणार येसाजी मालोजी भोईर, वय अदमासे सत्तर, राहणार मौजे पळसदरी, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा. शरीर थकले आहे, डोके ठिकाणावर आहे. ज्यास शंका असेल त्याने मी जिवंत आहे तोवर समोर येऊन बोलावे. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. घाटातल्या रेल्वेवर मुकादमी केलेल्या माणसावर दडपण आणणारा अजून जन्मायचा आहे.

१. भातशेती, बैलजोडी व राहते घर माझा एकुलता मुलगा गजा यास. मधली भिंत वगळून. कारण पुढे येईल.

२. माझी पहार व कंदील गँगमधला सोबती मंगळ्या यास. माझ्या देखरेखीत रूळ कधी खचला नाही, हे त्याने सांगत राहावे.

३. धाकटा भाऊ सदू म्हणाला होता, पडक्या इमारतीचे चित्र घरात लावलेस, घर पडेल. दर पावसाळ्यात तो चित्राची ती मधली भिंत पडली का, बघून जातो. त्यास माझी बाज द्यावी. तीवर पडून खुशाल बघावी.

४. आता ते चित्र. लढाईच्या आधी आमचे इंजिनेर साहेब विलायतेस निघाले तेव्हा म्हणाले, मुकादम, बंगल्यातली आवडेल ती एक वस्तू घेऊन जा. माझा डोळा घड्याळावर होता. पण माझे कुटुंब सोनुबाई चित्रापुढून हलेना. तुटके खांब, अर्धी कमान, खाली शेळ्या.

"आवो, म्हादेवाचं देऊळ हाय. मोडलंय, दिवा लावाया पन कुनी नाय. हेच घ्या."

साहेबांनी समजावले की हे इटली देशातले, फार जुने चित्र. तो कोण्या राजाचा महाल होता, देऊळ नव्हे. मी तिला तसे सांगितले.

"नसंल तर आता हुईल," ती म्हणाली.

मग दर सोमवारी ती कमानीवर ओल्या बोटाने कुंकू लावी आणि खाली दिवा ठेवी. आळीतल्या बायका पाया पडायला येत. इटलीची कमान पळसदरीत पुजली गेली, हे सांगताना माझी छाती आजही फुगते. सोनुबाई गेली, तिचे कुंकू राहिले.

या दिवाळीत गजाने मुंबईचा व्यापारी आणला. तो म्हणाला, तो लाल डाग काढा, मग मागाल ती किंमत देतो. मी शेतावर असताना गजाने घासलेटाचा बोळा फिरवला. अर्धे कुंकू गेले. मी शिवी दिली नाही. मला रडू आले, ते त्याने पाहिले.

पुढच्या सोमवारी त्याची बायको हिरू हिने त्याच्यादेखत पाण्यात बोट बुडवले, पुसलेले कुंकू पुरे केले आणि दिवा लावला. गजा डोळे वटारून बघत होता. तिने मागे वळूनही पाहिले नाही.

सबब चित्र, त्याचा खिळा आणि मधली भिंत हिरूच्या मालकीची. घर विकायचे झाल्यास गजाने आधी तिच्याकडे भिंत मागावी. लेखनिक म्हणतो, भिंत वेगळी देता येत नाही. मी म्हटले, लिही.

५. माझ्या सुतकात देव्हारा बंद ठेवावा, रीतच आहे. पण हिरूने सोमवारचा दिवा चुकवू नये. कोणी हरकत घेतल्यास साहेबांचे म्हणणे सांगावे: ते देऊळ नव्हेच. मग त्याला सुतक कसले?

हे वाचून घेतले, एक अक्षर बदलायचे नाही.

मुक्काम पळसदरी, सोमवार, १५ नोव्हेंबर १९४८

दस्तुर खुद्द: येसाजी मालोजी भोईर
लेखनिक: पोपट गोविंद देशमुख
साक्षी: १. वाल्मिक राघो ठोंबरे २. कान्हा धर्मा पाटील, निशाणी डाव्या हाताचा अंगठा