फरशीवरचं वळसंग

५ ऑक्टोबर १९७७, बुधवार

खोकं आलं! थेट जर्मनीहून. जोतीरामचा दोस्त मुंबईला उतरला, त्याने तिथून रेल्वे पार्सलने धाडलं. आमचे चिरंजीव वर्षभर तिकडच्या कारखान्यात ट्रेनिंग घेतायत आणि पाठवलं काय — प्लॅस्टिकच्या विटा! तांबड्या, पांढऱ्या, काळ्या. नखाएवढ्या ते बोटाएवढ्या. एकीवर दुसरी दाबली की घट्ट बसते. शिवाय निळे रूळ, चाकं, एक मोटर, सेलचा डबा. सगळं जोडलं की आगगाडी होते आणि सेलवर पळते म्हणे. चिठ्ठीत नातीबद्दल लिहिलंय, छकुली दिवाळीला पुण्याहून तुमच्याकडे येईल, तोवर जोडून ठेवा बाबा, तुमच्या हातचा मळ.

आहेच मुळी. कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं फिटर होतो. खरीखुरी इंजिनं उघडून परत बसवली. हे खेळणं म्हणजे एका दुपारचं काम.

६ ऑक्टोबर, गुरुवार

दुपार गेली. झालं नाही.

खोक्यात एक पुस्तक आहे. उघडतो तर काय — एक अक्षर नाही! जर्मन नाही, इंग्रजी नाही, पानोपान नुसती चित्रं. एवढा पुढारलेला देश आणि मजकूर छापायचाच विसरले! टाकून दिलं कपाटावर. फिटरला पुस्तक लागत नाही. वर्कशॉपातसुद्धा मी ड्रॉइंग कधी बघितलं नाही. हाताला कळतं.

८ ऑक्टोबर, शनिवार

अण्णाराव येऊन गेला. आमच्याच वर्कशॉपात स्टोअरकीपर होता, आता जमिनींचे व्यवहार करतो. सौदा पक्का! वळसंगच्या शेतातले विहिरीकडचे चार एकर त्याला, होटगी रोडवरची त्याची शेड लेथ मशीनसकट मला. माझं स्वतःचं वर्कशॉप! रिटायर होऊन दोन वर्षं नुसता ओट्यावर बसतोय. हात गंजले.

अडचण एकच. शेत बायकोचं, शिवबाईचं आहे. सासऱ्यांना ती एकुलती एक, सगळे आठ एकर तिच्या नावावर. विहीर तिच्या बापाने स्वतः खणली, हे चाळीस वर्षं ऐकतोय. कोंडीबा म्हणून तिचा चुलतभाऊ आहे, तो शेत वाट्याने करतो. ही वर्षातून एकदा येळवसेला, त्या अवसेच्या शेतपूजेला, जाते, विहिरीच्या काठावर जेवते आणि येते. तेवढ्यासाठी विहिरीची जमीन अडवून ठेवायची का?

तिला सांगितलेलं नाही. सांगितलं की रडारड. पेन्शनीचे कागद आहेत म्हणेन, अंगठा लावील. अंगठाबहाद्दर बाई, आजवर कधी काय विचारलंय? २४ तारखेला रजिस्ट्रार कचेरीत जायचं ठरलं.

११ ऑक्टोबर, मंगळवार

इंजिन जोडलं. माझ्या पद्धतीने. चार-पाच विटा उरल्या, उरू देत. सेल घातले. मोटर घुरघुरली, चाकं गरगर फिरली आणि इंजिन जागच्या जागी! चाकांना मशीन ऑइल सोडलं. आता तर आणखीच जोरात फिरतात आणि तसूभर हलत नाहीत. एक वीट बसत नव्हती, तिला कानस मारली, ती दुभंगली.

शिवबाई ज्वारी निवडत होती. म्हणाली, सायकलच्या टायरला कुनी तेल लावतंय का? बघितलं तर चाकांना खरंच रबराची बारीक कडी आहे. मी म्हटलं, तू ज्वारी बघ.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

माझा विश्वास बसत नाही. लिहितोय तरी बसत नाही.

बँकेतून आलो तर दारातच घर्र आवाज. आत बघतो — इंजिन रुळांवरून फिरतंय! पूर्ण गोल! आणि शिवबाई मधोमध मांडी घालून बसलीय. मी चपला काढायचंसुद्धा विसरलो.

कोणी केलं, विचारलं. म्हणाली, मीच की. माझं इंजिन सगळं उकललं, चाकं शिकेकाईने धुतली, कपाटावरचं ते पुस्तक काढलं आणि पहिल्या पानापासून लावत गेली. त्यात अवघड काय न्हाय म्हणे. म्होरल्या पानावर दोन विटा नव्या दिसल्या की त्या दोन लावायच्या. कुठं लावायच्या ते विटेवरचे ठिपके मोजून कळतं. जन्मभर ठिपक्यांचीच रांगोळी काढली की!

एस. टी.ची पाटी वाचता येत नाही हिला! लग्न झाल्यावर मी चार दिवस अक्षरं शिकवली, पालथ्या घड्यावर पाणी म्हणून सोडून दिली. पुस्तक पुन्हा चाळलं. खरंच प्रत्येक पानावर आधीच्यापेक्षा थोडं जास्त आहे. मीही उघडलं होतं. मला दिसलं नव्हतं.

१६ ऑक्टोबर, रविवार

दोन डबे झाले. जोडायला गेलो तर एकमेकांपासून पळतात. टोकाला लोहचुंबक आहेत. शिवबाईने एक डबा उलटा फिरवला, टक्कन चिकटला. मी नुसता बघत होतो.

२० ऑक्टोबर, गुरुवार. खंडेनवमी

हत्यारं पुसून पाटावर मांडली — पाने, हातोडा, कानशी, माझं मायक्रोमीटर. हळदकुंकू शिवबाईने वाहिलं. मग ते इंजिन आणून हातोड्याशेजारी ठेवलं आणि त्यालाही वाहिलं. हसू आलं मला. पण उचलून बाजूला ठेवलं नाही.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार. दसरा

पाटीवर सरस्वती काढली. दरवर्षीप्रमाणे माझी पोथी, जोतीरामची जुनी पुस्तकं पाटाजवळ मांडली. शिवबाई आतून ते बिनअक्षरी पुस्तक घेऊन आली. कोऱ्या खणाच्या तुकड्यात बांधलेलं! सगळ्यांच्या वर ठेवलं. मी बघतोय म्हटल्यावर जरा लाजली आणि म्हणाली,

"मला वाचाया आल्यालं येवढंच की."

 पंचावन्न वर्षांची बाई. चाळीस दसरे तिने माझ्या पुस्तकांना फुलं वाहिली.

संध्याकाळी अण्णाराव सोनं द्यायला आला. आपट्याच्या पानांबरोबर कागद हातात दिले — टाइप केलेला सहा पानी दस्त आणि शेताचा नकाशा. नकाशावर लाल पेन्सिलीने आपले चार एकर दाखवलेत म्हणाला, बाकी सगळं ठरल्याप्रमाणे, वहिनींना सोमवारी घेऊन या. मी कागद कपाटावर ठेवले. कुठे ठेवतोय हे ध्यानातच आलं नाही.

२२ ऑक्टोबर, शनिवार

लिहायला नको वाटतंय. तरी लिहितो.

दाढी करून घरी आलो. आत पाय टाकला आणि फरशीवर वळसंग! गाडी नाही, शेत! निळे रूळ वाकडेतिकडे जोडलेत — तो ओढा. काळ्या विटांचे बांध. पांढऱ्या विटांच्या दोन ओळी — शेताच्या दुसऱ्या टोकाची गाडीवाट. मध्ये चाकांचा गोल करून विहीर. आणि त्या सगळ्यात विहिरीकडच्या अर्ध्या शेताला वळसा घालून तांबड्या विटांची ओळ. शिवबाईच्या मांडीवर अण्णारावचा नकाशा.

तिने पुस्तक ठेवायला कपाटावर हात घातला, तेव्हा तो लागला. वाटलं, ह्याच पुस्तकातलं सुटं पान हाय, एवढंच राहिलंय करायचं. म्हणून बसली लावायला. ओढा लावला, बांध लावले. गोल लावला आणि हात थांबला म्हणाली.

"ही माज्या बाची हीर. ही तांबडी रेघ कशाची, तेवढं सांगा."

मी म्हटलं, मोजणीची. पटकन तोंडातून गेलं! इतकं सहज गेलं की माझा मलाच धक्का बसला.  तिने दस्ताची सहा पानं माझ्यापुढे सरकवली.

"त्या पुस्तकात अक्षरं न्हवती म्हणून मला कळलं. ह्यात हायत. तुमी वाचा, मी ऐकते."

उद्या वाचतो म्हणून बाहेर पडलो. सात रस्त्याच्या चौकापर्यंत चालत गेलो. कशाला गेलो माहीत नाही.

२३ ऑक्टोबर, रविवार

शेत तिने उचललं नाही. भाकरी वाढली, ती ओढ्याच्या अलीकडे बसली, मी पलीकडे. मग पदराला हात पुसून म्हणाली, वाचा.

आधी सगळं कबूल केलं. शेड, लेथ, अण्णाराव, पेन्शनीचं खोटं. मान वर न करता.  झाल्यावर ती पुन्हा तेच म्हणाली — वाचा.

वाचू लागलो. मी हा दस्त आज पहिल्यांदा वाचत होतो! अण्णाराव म्हणाला ठरल्याप्रमाणे आहे, मी म्हटलं असेल. चतुःसीमा आली. पूर्वेस ओढा — तिने निळ्या रुळावर बोट ठेवलं. उत्तरेस कोंडीबाचा बांध — बोट तिथे. दक्षिणेस पांद, बांधांमधली अरुंद वाट. पश्चिमेस गाडीवाट —

बोट थांबलं. गाडीवाट व्हय, विचारलं. मी म्हटलं हो, गाडीवाट लिहिलंय. तिने तांबडी ओळ दाखवली, ती शेताच्या मध्यावर संपते. मग पांढऱ्या दोन ओळींवर बोट नेलं. पार दुसऱ्या टोकाला.

"गाडीवाट हितं हाय. रेघ तितंच ऱ्हायली की."

पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. पुढच्या पानावर स्वच्छ टाइप केलंय — एकूण क्षेत्र आठ एकर, विहिरीसह. आठ! नकाशावर चार आणि कागदात आठ! वर्कशॉपात बावीस वर्षं ज्याच्याबरोबर डबा खाल्ला त्याने!  भिंतीला टेकून बसलो. मला वाचता येतं. सही करता येते. आणि हे मला ज्या बाईने दाखवलं तिला अ काढता येत नाही.

२४ ऑक्टोबर, सोमवार

अण्णाराव दहाला रिक्षा घेऊन हजर. कागद त्याच्या अंगावर फेकले. टायपिस्टची चूक म्हणतो! शेजारपाजारी बाहेर येईपर्यंत बोललो. तोंड लपवून गेला. फार दिवसांनी छाती फुगली. आत येऊन शिवबाईला म्हटलं, बघ कसा हाकलला, मला फसवायला निघाला होता.

ती फरशीवरच्या विटा एकेक उकलून खोक्यात भरत होती. विहीर तेवढी राहिली होती. वर न बघता म्हणाली,

"त्यानं तुमाला फसवलं. मला कुनी फसवलं?"

 ती उत्तराची वाट बघत होती. खरंच बघत होती. दोन शब्दांचं उत्तर, पण तोंडातून निघेना. मग तिने विहिरीची चाकं सुटी केली, पुसली आणि खोकं बंद केलं.

२५ ऑक्टोबर, मंगळवार

शिवबाई सकाळच्या एस. टी.ने वळसंगला गेली. मळ्यातल्या छपरात राहणार आहे, कोंडीबाकडून शेत काढून घेऊन स्वतः करणार आहे. खोकं नेलं, खणात बांधलेलं पुस्तक नेलं. जोतीरामला लिहा, छकुलीला दिवाळीला तिकडंच धाडा, म्हणाली.

मला या म्हणाली नाही.